जानकी आणि पडते ठोकळे

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की फाट्यावर माणसं बसची वाट बघत उभी राहतात. पूर्वी ती बोलायची. आता सगळ्यांच्या माना खाली असतात. कोणी मोबाइलवर गाडी पळवतो, कोणी गोळ्या झाडतो, कोणी रंगीत खडे जुळवतो. पोरं खेळतात, बायका खेळतात, मुकादमही खेळतात. गावच्या जत्रेला नाटकाच्या रंगमंचावर मोठा पडदा लावून या खेळांची स्पर्धा होते आणि देवस्थान समिती जिंकणाऱ्याला ढाल देते.

सगुण पार्सेकर फाट्याजवळच्या पुलाच्या कठड्यावर बसून हे बघतो. त्याच्या वयाची माणसं नाक मुरडतात. बसल्या जागी बोटं हलवायची, याला काय म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. सगुणही एकेकाळी तेच म्हणायचा. मग एका जत्रेत त्याने आपल्या बायकोला खेळताना पाहिलं. त्यानंतर त्याने तसं म्हटलं नाही.

बायकोचं नाव जानकी. ती दोडामार्गाकडची. लग्न होऊन पेडणे तालुक्यात आली आणि दुसऱ्याच पावसाळ्यानंतर वसाहतीतल्या काजूच्या कारखान्यात लागली. सुरुवात सगळ्या बायका करतात तिथूनच झाली, बिया फोडण्यापासून. पायाने दांडा दाबायचा, पात्याखाली बी धरायची, टरफल दुभंगलं की गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांना राख आणि खोबरेल चोळूनही जाळतंच. जानकीची बोटं वर्षानुवर्षं काळी राहिली. पाहुण्यांकडे हळदीकुंकवाला गेली तरी ती हात पदराखाली ठेवायची.

मग ती साल काढण्याच्या खोलीत गेली आणि तिथून निवडणीच्या टेबलावर. कारखान्यात याहून वरची जागा बाईला नव्हती. टेबलावर गरांचा ढीग ओततात. अख्खा गर एकीकडे, त्यातही मोठा वेगळा आणि मधला वेगळा. दुभंगलेला म्हणजे पाकळी, ती दुसरीकडे. तुकडा तिसरीकडे. करपलेला बाहेर. बघायचं आणि उचलायचं या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या तर माणूस मागे पडतो. जानकीच्या त्या वेगळ्या नव्हत्या. तिचे दोन हात दोन बाजूंना जात आणि ती समोर बघत असे. नवी आलेली पोरगी तिच्या शेजारी बसवत, नुसतं बघायला.

सगुण तेव्हा जनरेटर भाड्याने देत असे. आधी तो डिचोलीच्या खाणीवर पंपावर होता. खाणीने जुनी यंत्रं काढली तेव्हा त्याने एक डिझेल इंजिन घेतलं, खोललं, घासलं आणि उभं केलं. जत्रा, नाटकं, लग्नं. डिझेल तो दुपदरी फडक्यातून गाळून घाली. केबलचा सांधा उघडा ठेवणाऱ्या माणसाला तो परत कामावर घेत नसे. कौतुक करण्यात मात्र हात आखडता. जेवण फार चांगलं झालं तर "बरा आसा" म्हणायचा. जानकीला ते पुरायचं.

त्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव की त्र्याण्णव साली, दिवाळीनंतर कारखान्यात एक गोष्ट घडली. मालाचा एक डबा परत आला. अख्ख्या गरांत पाकळ्या निघाल्या. मुकादम गोकुळदास याच गावचा, सगुणच्या घरापासून दोन शेतं पलीकडचा. तो टेबलापाशी आला.

"वैनी, डबो तुझ्या हातचो."

"माझ्या हातसून पाकळी जाऊची नाय."

"माका काय आनंद होता सांगताना? गेली. उद्यापासून साल झाडूच्या खोलयेत बस. डोळे ते डोळे. सगळ्यांचे जातत."

जानकी घरी आली, भाकऱ्या थापल्या. जेवणं झाल्यावर तिने सुई घेतली आणि दिव्याखाली दोरा ओवायला बसली. सुई नाकापाशी नेली. दोरा जाईना. आणखी जवळ नेली. सगुण बघत होता.

"दी, मी ओवतंय," तो म्हणाला.

"नको."

दोरा ओवला गेला नाही. तिने सुई पुन्हा कापडाला टोचून ठेवली.

त्यानंतर ती रोज साली झाडायला जात राहिली. मजुरी कमी झाली, पण तिला खात होतं ते वेगळंच. पाकळी खरंच आपल्या हातून गेली का? गेली असेल तर डोळे गेले. आणि टेबलावर बसायला डोळे नसतील तर या कारखान्यात आपण कोण? एकदा परसात तांदूळ निवडताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "गोकुळदासान खोटा सांगल्यान असता तर बरा झाला असता."

मार्गशीर्षात गावची जत्रा आली. सगुणचं इंजिन देवळामागच्या चिंचेखाली लागलं. त्याच्यावर लाऊडस्पीकर, बर्फाच्या गोळ्याचं यंत्र आणि त्या वर्षी नवीन आलेला एक काळ्या कापडाचा तंबू. तंबू सावंतवाडीच्या विठूचा. आत माणसाच्या छातीइतकी उंच लाकडी कपाटं, प्रत्येकात एक काच आणि काचेखाली दांडा आणि बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. व्हिडिओ गेम. पणजीत असतात असं लोक ऐकून होते. दुपारपासून तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गर्दी विमानांच्या आणि मारामारीच्या कपाटांपुढे. कोपऱ्यात एक कपाट रिकामं होतं. त्यात विमान नाही, माणूस नाही. वरून नुसते ठोकळे पडत. चौकोनी, लांब, कोनात मोडलेले. दांड्याने ते सरकवायचे, बटणाने फिरवायचे आणि खाली असे बसवायचे की फट राहू नये. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होई. फटी राहिल्या तर ढीग वर चढे, आणि ढीग वर टेकला की खेळ संपला.

सगुण केबल तपासायला तंबूत गेला तेव्हा जानकी त्याला जेवणाचा डबा द्यायला आली होती. ती त्या रिकाम्या कपाटापुढे उभी राहिली.

"ह्यां काय?" तिने विठूला विचारलं.

"कोणाक नको तो गेम, वैनी. घेताना सगळी कपाटां एकदम घेवची लागली म्हणान गळ्यात पडलो. ठोकळे लावायचे. कंटाळवाणो."

"निवडणीच ती."

"काय?"

"काय नाय. एकदा बघतंय."

सगुण डबा घेऊन इंजिनापाशी परतला. जाता जाता त्याने पाहिलं. जानकी कमरेत वाकून काचेला नाक लावून उभी होती आणि तिचा खेळ पहिल्या मिनिटातच संपला. परत नाणं, परत तेच. त्याला वाईट वाटलं. हे कशाला करते आहे हे त्याला कळलं होतं. ती सुई ओवत होती.

दुपार कलली. देवळात पालखीची तयारी सुरू झाली. या जत्रेची एक रीत होती. देवीची पालखी उठते त्या वेळी ढोलावर पहिली काठी पडते, आणि ती पडली की जत्रेतली सगळी यंत्रं बंद. ढोलात दुसरा आवाज मिसळता कामा नये. पालखी फिरून आत गेली की मग परत सुरू. इंजिनाचं काम सगुणला मिळत होतं ते याचसाठी. पहिली काठी पडताच त्याचा हात लिव्हरवर असे. त्यात कधी खोट आली नव्हती.

वेळ जवळ आली तशी तो तंबूवाल्याला सावध करायला निघाला. चालू खेळात वीज गेली तर नाणं टाकलेला माणूस भांडतो. तंबूजवळ येताच त्याला चमत्कारिक वाटलं. आवाज नव्हता. विमानं नव्हती, मारामारी नव्हती. त्या कपाटांपुढे कोणीच नव्हतं. सगळा तंबू कोपऱ्यात दाटला होता, आणि कोणी बोलत नव्हतं.

खांद्यांच्या मधून वाट काढत तो पुढे गेला.

जानकी स्टुलावर बसली होती. स्टूल कपाटापासून लांब ओढलेलं. पाठ सरळ, हात पुरते लांब केलेले, मान जराशी मागे. एक हात दांड्यावर, दुसरा बटणावर. ठोकळे पडत होते, पण पडत होते असं म्हणणं बरोबर नाही. वर दिसले की खाली बसलेले असत. मधलं पडणं सगुणच्या डोळ्यांना पकडता येत नव्हतं. ओळ भरत होती, नाहीशी होत होती, पुन्हा भरत होती. जानकीचा चेहरा शांत होता. पापणी हलत नव्हती. ओठ किंचित उघडे.

"कधीपासून?" सगुणने हळूच विचारलं.

"तुम्ही गेल्यापासून हरत होती," विठू कुजबुजला. "मी म्हटलंय, वैनी, मागे सरून बसा, काच काय तुमका खाता? स्टूल दिलंय. तेव्हापासून हां एकाच नाण्यार. सगुणदा, ह्या यंत्रात एवढो वेग आसा, माका ठाऊक नव्हता."

सगुणने आयुष्यभर कष्टाचं काम पाहिलं होतं. खाणीवर घण मारणारे पाहिले, बार्जवर माल भरणारे पाहिले. चांगल्या कामगाराची एक खूण त्याला ठाऊक होती. तो कुठे जोर लावतो ते दिसत नाही. जानकीच्या मनगटात जोर दिसत नव्हता. इतकी वर्षं ती रोज कारखान्यात जाऊन काय करते हे तो ऐकून होता. पाहिलेलं कधी नव्हतं. नवऱ्याला टेबलापाशी कोण सोडतो? आता तो ते बघत होता.

बाहेर ढोलावर पहिली काठी पडली.

सगुणचं पाऊल मागे वळलं. मग थांबलं. लिव्हर ओढली की काच काळी होणार. जानकीला जे बघायचं होतं ते अजून पुरतं बघून झालं नव्हतं. तो गेला नाही. ढोल वाजत राहिला आणि इंजिनही. गावाने असं कधी ऐकलं नव्हतं.

पालखी देवळातून निघून तंबूच्या दिशेने वळली. पुढे गावचे वृद्ध मानकरी कृष्णनाथबाब. त्यांच्या कपाळाला आठी. ते तरातरा तंबूपाशी आले आणि त्यांनी कनात बाजूला केली. अंधारात दाटलेली गप्प माणसं. मध्ये एक बाई, ताठ बसलेली, डोळे विस्फारलेले, हात भराभर हलताहेत, तोंडावर निळा उजेड.

कृष्णनाथबाबांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी हात वर करून पालखी थांबवली. ढोलवाल्याला खूण केली. ढोल थांबला. मग त्यांनी वहाणा काढल्या आणि हात जोडले. मागच्या लोकांनी ते पाहून हात जोडले. अवसर आला आहे, देवी बाईच्या अंगात आली आहे, असा त्यांचा समज झाला. या गावात जत्रेला अवसर येतो, आणि तो आला की त्या माणसाला कोणी हात लावत नाही, हाक मारत नाही.

"सगुण," बाब अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "अवसर कधी इलो?"

होय म्हटलं असतं तर काम भागत होतं. जानकीला तासभर कोणी हलवलं नसतं. पण नाव देवीचं होतं.

"अवसर नाय, बाब. खेळता ती."

"खेळता?"

"होय."

"मगे इंजिन चालू कशाक?"

"काम अर्ध्यार आसा," सगुण म्हणाला. "बंद करतंय. तुम्ही सांगलास की बंद. फक्त एकदा तिचे हात बघा."

बाबांनी पाहिलं. ते शेतकरी माणूस. आधी काचेकडे पाहिलं, त्यांना काही उमगलं नाही. मग हातांकडे पाहिलं, आणि तिथे त्यांची नजर अडकली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाब, पालखीक उशीर होता."

"होऊ दी," बाब म्हणाले. "देवीक खय बस पकडूची आसा?"

हसू कोणी दाबलं, कोणी नाही. खांदेकऱ्यांनी पालखीखाली टेकूच्या काठ्या लावल्या. त्यांच्यात पुढचा खांदा गोकुळदास मुकादमाचा होता. कनात उघडी होती. काठी एका हाताने धरून तो आत बघत राहिला. मागची माणसं टाचा उंच करून बघू लागली. म्हाताऱ्या बघू लागल्या. यात काय बघायचं हे कोणी कोणाला समजावून दिलं नाही. थोड्या वेळाने ओळ नाहीशी झाली की सगळ्यांचा श्वास एकदम सुटू लागला. दोन आवाज मिसळायचे नाहीत ही रीत त्या दिवशीही शेवटी पाळली गेली. फक्त गप्प राहिला तो ढोल.

काचेवरच्या कोपऱ्यात आकडे वाढत होते. वाढता वाढता सगळे नऊ झाले आणि तिथेच थांबले. यापुढे यंत्राला मोजता येत नव्हतं. विठूने कपाळावर हात मारून घेतला, पण आवाज केला नाही. जानकी खेळत होती. तिचं आकड्यांकडे लक्षच नव्हतं. मग कधीतरी एक लांबडा ठोकळा आडवा बसला, त्याखाली फट राहिली, आणि ढीग भराभर वर चढला.

जानकीने हात मांडीवर घेतले.

"झाला," ती म्हणाली, आणि मागे वळली. समोर कनात उघडी, पालखी उभी, सगळं गाव. तिने घाईने पदर डोक्यावर घेतला आणि बसल्या जागेवरून उठून पालखीपुढे वाकली. सगुण धावत जाऊन लिव्हर ओढून आला. ढोल सुरू झाला.

तेव्हापासून पालखी दर जत्रेला त्या जागी थांबते. आजच्या पोरांना विचारलं तर ती सांगतात, पूर्वापार थांबते.

रात्री जत्रा उठल्यावर गोकुळदास चिंचेजवळच्या खाज्याच्या दुकानापाशी जानकीला भेटला. खांदा चोळत म्हणाला, "वैनी, सोमवारी टेबलार बस."

"कित्या? खेळ बघलंस म्हणान?"

"मगे काय म्हणू?"

"काय म्हणू नको. सोमवारी माझो ट्रे तपास. मगे बोल. आणि आयक, ती पाकळी माझ्याच हातसून गेली. मी भांडलंय ता चुकला."

गोकुळदासचा खांदा चोळणारा हात थांबला. सगुण शेजारीच इंजिनावर ताडपत्री बांधत होता, त्याचाही हात थांबला.

घरी चालत येताना तिने सांगितलं. "जवळसून माका दिसणा नाय. धुरकट. त्या पोरान मागे बसयल्यान आणि लख्ख झाला. डोळे गेले नाय, लांब गेले. टेबलार मी वाकान वाकान बघी. जितक्या वाकी तितक्या दिसत नसे, म्हणान आणखी वाकी." मग थोडं चालून म्हणाली, "स्टूल उंच व्हया. आणि मागे."

रविवारी सगुणने स्टूल केलं. फणसाचं लाकूड घरात होतं. जानकीला अंगणात बसवून, हात लांब करायला लावून, समोर सूप धरून त्याने उंची घेतली. सांधे खिळ्यांवर सोडले नाहीत, खाचा पाडून बसवले. संध्याकाळी तो स्वतः त्यावर बसला, डोलून बघितलं. हललं नाही.

सोमवारी तो ते खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर कारखान्यात गेला. गोकुळदासने त्याला निवडणीच्या खोलीच्या दारापर्यंतच येऊ दिलं. जानकीने स्टूल टेबलापासून हातभर मागे लावलं आणि ताठ बसली. शेजारणींना हसू आवरेना.

"वैनी, टेबलाचो वास येता काय तुका?"

"नवी नवरी, सासऱ्यासून लांब बसता."

ढीग ओतला गेला आणि तिचे हात निघाले. सगुण दारात उभा होता. तंबूत पाहिलं होतं तेच इथे होतं, फक्त उजेड साधा आणि ठोकळे गराचे. अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा तिसरीकडे. हसणं आपोआप बंद झालं.

अख्ख्या गराचा ट्रे भरला. गोकुळदासने तो उचलला, कोऱ्या कापडावर पालथा केला आणि एकेक गर तपासू लागला. वाकला. आणखी वाकला. नाक गरांना टेकायचं राहिलं. कपाळावर घाम आला. एक गर उचलून त्याने डोळ्यांपाशी नेला, फिरवला आणि ठेवला. परत तोच उचलला.

"अख्खो आसा तो," जानकी म्हणाली. "लांबसून बघ, गोकुळदास. तूय माझ्याच वर्षाचो."

गोकुळदास सरळ झाला. त्याने गर हात लांब करून धरला आणि पाहिला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तो ट्रेमध्ये टाकला, बाकीचे हाताने एकत्र केले, आणि ट्रे मोठ्या नंबरच्या, म्हणजे अव्वल मालाच्या, मापावर नेऊन ठेवला.

सगुण निघाला. त्याला देवळामागचं इंजिन सोडवून आणायचं होतं. दारातून बाहेर पडताना त्याला मागे फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. त्याने वळून पाहिलं. टेबलाभोवतीच्या दोन-तीन वयस्क बायका काही न बोलता आपापली स्टुलं मागे ओढत होत्या.